पेपर किती जणांनी वाचला? रंगीत चक्रातल्या १४ आकड्याचा अर्थ काय घ्यायचा

नमस्कार डॉक्टर. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सरकारी मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनला असिस्टंट प्रोफेसर आहात, दोन तालुक्यांतल्या किशोरवयीन मुलींच्या रक्तक्षयावरचा तुमचा पेपर चार महिन्यांपूर्वी एका ओपन ॲक्सेस जर्नलमध्ये आला. जर्नलच्या पानावर रंगीत चक्र दिसतं त्यात १४ लिहिलंय, खाली व्ह्यूज २,३००, रिसर्चगेटवर (संशोधकांची वेबसाइट) रीड्स ४१०, मेंडेलीवर ९ रीडर, सायटेशन (दुसऱ्या पेपरांनी तुमच्या पेपरचा दिलेला संदर्भ) अजून शून्य. एचओडी (विभागप्रमुख) विचारतात "किती लोकांनी वाचला ते एका ओळीत द्या", आणि तुम्हाला कळत नाहीये की यातला कुठला आकडा द्यायचा.

मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत हेच काम बरीच वर्षं करते, म्हणून सरळ सांगते, यातला एकही आकडा वाचकांचा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि त्यांची बेरीज करायची नाही, तुलनाही करायची नाही. पण म्हणून ते निरुपयोगी आहेत असंही नाही, प्रत्येकाच्या मागे काय आहे ते उघडून बघितलं तर बरंच काही हाती लागतं.

आधी ते १४. हे चक्र अल्टमेट्रिक नावाच्या कंपनीचं आहे, लंडनमध्ये २०११ साली युआन एडी यांनी सुरू केलेली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० ला, जेसन प्रीम आणि इतर तिघांनी एक जाहीरनामा लिहिला होता की नुसत्या सायटेशनवर आणि इम्पॅक्ट फॅक्टरवर (जर्नलच्या सरासरी सायटेशनचा आकडा) किती दिवस विसंबून राहायचं, संशोधनाची चर्चा आता वेबवर होते तर तिथली मोजा, आणि 'अल्टमेट्रिक्स' हा शब्द तेव्हापासून रुळला. कंपनी काय करते तर बातम्या, ब्लॉग, सोशल मीडिया, विकिपीडिया, धोरणाची कागदपत्रं, पेटंट अशा ठिकाणी तुमच्या पेपरची लिंक किंवा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) कुठे आलाय ते शोधत राहते आणि प्रत्येक प्रकाराला ठरलेलं वजन देऊन बेरीज करते. ढोबळ वजनं अशी की बातमीला ८, ब्लॉगला ५, धोरणाच्या कागदाला ३, विकिपीडियाला ३ (कितीही पानांवर आला तरी एकदाच ३), एका ट्वीटला किंवा फेसबुकच्या सार्वजनिक पेजवरच्या पोस्टला पाव. मेंडेलीचे रीडर आणि सायटेशन तिथे शेजारी दाखवतात पण स्कोअरमध्ये त्यांचं वजन शून्य.

आता तुम्ही लिहिलंय की एका इंग्रजी न्यूज साइटवर बातमी आली, एका ब्लॉगवर उल्लेख आहे आणि चार ट्वीट आहेत. ८ अधिक ५ अधिक चार पाव म्हणजे १, झाले १४. म्हणजे या १४ मागे जेमतेम सहा ठिकाणं आहेत. ती बातमी पाच लाख लोकांनी वाचली की पन्नास, ते त्यात कुठेही नाही, आणि बातमी वाचणाऱ्यांपैकी एकानं तरी पेपर उघडला का हेही नाही. लग्नाच्या पत्रिका किती वाटल्या यावरून पंगतीला किती बसले ते सांगता येत नाही, तसंच आहे हे.

या वजनांबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि पब्लिक हेल्थवाल्यांनी ते लक्षात घ्यावं असं वाटतं. समजा उद्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रक्तक्षयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तुमचा पेपर संदर्भ म्हणून आला तर त्याचे ३, आणि कुठल्यातरी न्यूज साइटनं एजन्सीची कॉपी जशीच्या तशी छापली तर त्याचे ८, शिवाय तीच कॉपी दहा साइटनी उचलली तर दहादा. तुमच्या कामासाठी या दोन गोष्टींची किंमत बरोबर उलटी आहे. म्हणून एकूण आकडा मी कधी बघतच नाही, चक्रावर क्लिक करते आणि आतली यादी वाचते. लाल म्हणजे बातम्या, पिवळा ब्लॉग, जांभळा धोरणाची कागदपत्रं. ते पान सगळ्यांना फुकट दिसतं, त्याला लॉगिन लागत नाही. यादी वाचायला दहा मिनिटं पुरतात आणि ती दहा मिनिटं कुणीच देत नाही याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

त्याच पानावर एक तुलनाही असते, म्हणजे तुमचा पेपर त्याच सुमाराला आलेल्या (सहा आठवडे मागेपुढे) पेपरांच्या मानाने कुठे आहे, आणि त्याच जर्नलमधल्यांच्या मानाने कुठे. आकडा द्यायचाच असला तर हा द्या, तो नुसत्या १४ पेक्षा बरा. कारण बहुतेक पेपरांची ऑनलाइन चर्चा जवळजवळ होतच नाही, त्यामुळे १४ हा छोटा वाटणारा आकडाही चार महिन्यांच्या पेपरसाठी बऱ्यापैकी वरचा निघू शकतो.

आता व्ह्यूज २,३००. वाचनाच्या सगळ्यात जवळ जाणारा आकडा हाच, पण तो कसा मोजलाय ते जर्नलला विचारावं लागतं. प्रकाशक आणि लायब्रऱ्या यांच्यात 'काउंटर' नावाची एक मोजणीची पद्धत ठरलेली आहे, तिची पाचवी आवृत्ती २०१९ च्या जानेवारीपासून लागू झाली. तिच्यात बॉट (आपोआप पानं उघडणारे प्रोग्राम) वगळतात, एकाच माणसानं ३० सेकंदांच्या आत तीच लिंक दोनदा दाबली तर एकदाच धरतात, आणि नुसता सारांश बघणं वेगळं, पूर्ण पेपर उघडणं वेगळं असे दोन रकाने ठेवतात. तुमचं जर्नल ही पद्धत पाळत असेल तर त्यातला 'युनिक आयटम रिक्वेस्ट' नावाचा आकडा मागा. त्यात एखाद्यानं एका बैठकीत वेबपान पण उघडलं आणि पीडीएफ पण उतरवली तर एकच धरलं जातं. पण बरीच छोटी जर्नल्स हे काही पाळत नाहीत, पान उघडलं की एक वाढला, मग ते गुगलच्या बॉटनं उघडलेलं असो, सारांश बघून बंद केलेलं असो नाहीतर लेखकानंच आकडा वाढला का बघायला रोज उघडलेलं असो. त्यामुळे दोन वेगळ्या जर्नलमधल्या व्ह्यूजची तुलना करू नका, तिला काही अर्थ नाही. आणि उलट बाजूही आहे, तुमचा पेपर पबमेड सेंट्रलवर (पूर्ण पेपरांचा फुकट ऑनलाइन संग्रह) पण असेल तर तिथे वाचणारे लोक जर्नलच्या मोजणीत सहसा दिसतच नाहीत. पीडीएफ कुणीतरी पीजीच्या ग्रुपवर टाकली तर तेही नाहीत. म्हणजे २,३०० हा आकडा एकाच वेळी फुगलेलाही असू शकतो आणि कमीही.

रिसर्चगेटचे रीड्स मी बाजूलाच ठेवते, तिथे नुसतं शीर्षक-सारांशाचं पान उघडलं तरी रीड धरतात. मेंडेलीचे ९ मात्र मला तुमच्या सगळ्या यादीत जास्त आवडले. मेंडेली हे संदर्भ जमवून ठेवायचं सॉफ्टवेअर, तिथे 'रीडर' म्हणजे ज्यानं तुमचा पेपर आपल्या लायब्ररीत जमा करून ठेवला तो माणूस. वाचला की नाही देव जाणे, पण ठेवून घ्यावासा वाटला एवढं नक्की, आणि अभ्यासांमध्ये मेंडेलीचे आकडे पुढे येणाऱ्या सायटेशनशी ट्वीटपेक्षा बरेच जास्त जुळतात असं वारंवार दिसलंय. शिवाय ते ९ कोण आहेत त्याची फोड मिळते, किती पीएचडीवाले, किती मास्टर्सचे विद्यार्थी, किती प्राध्यापक, कुठल्या विषयातले. नर्सिंगचे किंवा न्यूट्रिशनचे विद्यार्थी दिसले तर समजा पेपर तुमच्या विभागाबाहेर पोचलाय. सायटेशन शून्य आहे त्याची चिंता चार महिन्यांत करूच नका. तुमचा पेपर वाचून कुणी आज लिहायला बसलं तरी ते छापून यायला वर्ष जातं.

आता जास्त महत्त्वाचं, चर्चा खूप झाली म्हणजे पेपर चांगला का? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण एचओडी पुढच्या वेळी विचारतील, म्हणून कोविडमधलं एक प्रकरण सांगते. २२ मे २०२० ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा पेपर आला. सहा खंडांतली ६७१ हॉस्पिटलं, ९६,०३२ पेशंट, आणि निष्कर्ष असा की हे औषध दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त. डेटा सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीचा. जगभर बातम्या झाल्या, आणि २५ मे ला, म्हणजे तीनच दिवसांत, जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडवरची औषधं तपासणाऱ्या आपल्या सॉलिडॅरिटी ट्रायलमधला त्या औषधाचा भाग थांबवल्याचं जाहीर केलं. मग लोकांनी बारकाईनं वाचायला सुरुवात केली. पेपरमध्ये ऑस्ट्रेलियातले जेवढे मृत्यू धरले होते तेवढे त्या तारखेपर्यंत त्या देशात झालेलेच नव्हते. शंभराहून जास्त संशोधकांनी खुलं पत्र लिहिलं, गार्डियन वृत्तपत्रानं कंपनीचा पाठपुरावा केला, डेटा स्वतंत्र तपासणीला द्या म्हटल्यावर कंपनीनं दिला नाही. ३ जूनला ट्रायलचा तो भाग परत सुरू करायचं ठरलं आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. याच कंपनीचा डेटा वापरलेला न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय जर्नलमधला दुसरा पेपरही त्याच दिवशी गेला.

या पेपरचा स्कोअर प्रचंड आहे. त्यात पहिल्या तीन दिवसांतल्या कौतुकाच्या बातम्या आहेत, शंका घेणारे ब्लॉग आहेत, कंपनीची चौकशी करणाऱ्या बातम्या आहेत आणि पेपर मागे घेतल्याच्या बातम्याही आहेत, आणि प्रत्येकानं स्कोअर वाढवलाच, कारण तिथे वजाबाकी नसते. शिवी असो वा शाबासकी, मशीनला दोन्ही सारख्याच. पण मी हे प्रकरण शिकवताना दुसरी बाजूही आवर्जून सांगते. ज्या लोकांनी तो पेपर पाडला त्यांनीही तो ऑनलाइनच वाचला, ऑनलाइनच एकमेकांना आकडे दाखवले, आणि तेरा दिवसांत काम झालं. वेकफिल्डचा १२ मुलांवरचा लशीविरोधातला पेपर १९९८ मध्ये आला होता, तो मागे घ्यायला लॅन्सेटला २०१० उजाडलं. म्हणजे या सगळ्या गोंगाटात खरं वाचन पण दडलेलं असतं, फक्त ते आकड्यात सापडत नाही, यादीतल्या नोंदी उघडून वाचल्या की सापडतं.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. ३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) बायोआरकाइव्ह या साइटवर आला, कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनमधले काही तुकडे एचआयव्हीशी 'अनकॅनी' सारखे आहेत असा. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी दाखवून दिलं की एवढे छोटे तुकडे कशाशीही जुळतात, आणि लेखकांनी दोन दिवसांत तो मागे घेतला. ऑनलाइन चर्चेच्या हिशोबात मात्र तो सगळ्यात वरच्या प्रीप्रिंटमध्ये जाऊन बसला. कुणी तुम्हाला "आमच्या पेपरचा स्कोअर एवढा" म्हणून सांगितलं की पहिला प्रश्न विचारा, कशाबद्दल?

बरं, मग प्रसिद्धीचा वाचनाशी आणि सायटेशनशी काही संबंध आहे की नाही? यावर मला सगळ्यात आवडणारा अभ्यास इंटरनेटच्या आधीचा आहे. न्यू इंग्लंड जर्नलमधले जे पेपर न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी म्हणून येतात त्यांना जास्त सायटेशन मिळतात हे माहीत होतं, पण प्रश्न असा की बातमीमुळे मिळतात की मुळात पेपर चांगला म्हणूनच बातमी होते आणि म्हणूनच सायटेशनही मिळतात? १९७८ मध्ये टाइम्समध्ये संप झाला, सुमारे १२ आठवडे वर्तमानपत्र विकलं गेलं नाही, पण नोंदीसाठी रोजचा अंक तयार मात्र होत होता. म्हणजे संपादकांनी बातम्या निवडल्या, लोकांपर्यंत त्या गेल्याच नाहीत. डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी हे हेरलं आणि १९९१ ला त्याच न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापलं. एरवी बातमी आलेल्या पेपरांना पहिल्या वर्षात सुमारे ७३% जास्त सायटेशन मिळत होती, संपाच्या काळात निवडलेल्या पण लोकांपर्यंत न पोचलेल्या पेपरांना तसा काही फायदा दिसला नाही. म्हणजे प्रसिद्धीचा स्वतःचा असर होता, शास्त्रज्ञसुद्धा सकाळी वर्तमानपत्रच वाचत होते.

सोशल मीडियावर हे तसंच चालतं का, तर उत्तर इतकं स्वच्छ नाही. सर्क्युलेशन जर्नलनं २४३ पेपर चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले, एका गटाची फेसबुक-ट्विटरवर जाहिरात केली, दुसऱ्याची नाही, आणि ३० दिवसांच्या व्ह्यूजमध्ये काही फरक पडला नाही, हे २०१५ चं. उलट छातीच्या सर्जरीवाल्यांच्या एका नेटवर्कनं ११२ पेपरांवर असाच प्रयोग केला, त्यात एका वर्षानंतर ट्वीट केलेल्यांना सरासरी ३.१ सायटेशन आणि न केलेल्यांना ०.७. दोन्ही रँडमाइज्ड, तरी उत्तरं उलटी. माझा अंदाज असा की दुसऱ्या प्रयोगात ट्वीट करणारे त्याच छोट्या विषयातले, एकमेकांना ओळखणारे सर्जन होते, त्यांचं म्हणणं ज्यांच्यापर्यंत गेलं तेच उद्या पेपर लिहिणार होते, तर पहिल्यात एका जर्नलचं अधिकृत खातं होतं ज्याच्या पोस्टवरून लोक अंगठा फिरवत पुढे जातात. हा दुसरा प्रयोग लहान होता आणि त्यावर टीकाही झाली, त्यामुळे "ट्वीट करा, सायटेशन वाढतील" असं मी कुणाला वचन देत नाही. पण योग्य माणसाच्या हातात पेपर पडणं महत्त्वाचं, किती जणांच्या स्क्रीनवरून गेला ते नाही, एवढं मी यातून घेते.

आणि योग्य माणूस म्हणजे तुमच्या बाबतीत कोण? त्या दोन तालुक्यांचे तालुका आरोग्य अधिकारी, आरबीएसकेची (मुलांची आरोग्य तपासणी करणारी सरकारी योजना) टीम, आश्रमशाळांचे मुख्याध्यापक, आशाताई, अंगणवाडी सेविका. यातलं कुणी एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) डीओआय टाकणार आहे का? इथेच या सगळ्या मोजणीची आपल्यासाठी मोठी अडचण आहे. मशीन शोधतं ती लिंक. आपल्या मराठी पेपरात बातमी येते ती "शासकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांच्या पाहणीनुसार" अशी, जर्नलचं नावही नसतं, लिंक तर नसतेच, ई-पेपर म्हणजे तर पानाचं चित्र. लिंक नसली तरी लेखकाचं आणि जर्नलचं नाव मजकुरातून ओळखायची सोय अल्टमेट्रिककडे आहे पण ती इंग्रजी बातम्यांसाठी. म्हणजे जिल्हा आवृत्तीत पहिल्या पानावर चार कॉलम बातमी आली, घरोघरी वाचली गेली, तरी चक्रात भर शून्य. व्हॉट्सॲपचं तर नावच नको, आपल्याकडे डॉक्टरांचं निम्मं वाचन तिथून चालतं असं मला वाटतं आणि ते बंद दाराआड आहे, तिथलं कुणीच मोजू शकत नाही (आणि मोजूही नये). धोरणाच्या कागदांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कागदाच्या शेवटी संदर्भांची यादी असते ती मशीनला वाचता येते, आपल्या जीआरमध्ये (शासन निर्णयात) वर 'संदर्भ' असतात ते आधीच्या जीआरचे आणि पत्रांचे, त्यात पेपर कशाला येतोय, जरी निर्णय त्या पेपरवरून झाला असला तरी.

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' या संस्थेच्या टीमचा घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीचा पेपर १९९९ ला लॅन्सेटमध्ये आला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, ४७ गावं तुलनेला, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर सुमारे ६२% नी उतरला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं घरी जाऊन बाळ बघण्याची संयुक्त शिफारस केली, २०११ पासून आपल्या सरकारनं ते आशांच्या कामात घातलं, आज बाळंतपणानंतर आशाताई सहा-सात वेळा घरी येते ती याच वाटेनं. आता अल्टमेट्रिक ही कंपनीच २०११ ची. त्या पेपरवर सुरुवातीच्या बारा वर्षांत सभांमध्ये, मंत्रालयात, जिल्हा परिषदेत जी चर्चा झाली ती कुठल्या चक्रात येणार? महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं विंचूदंश आणि प्राझोसिनवरचं कामही तसंच, ते १९८० च्या दशकापासून लॅन्सेटमध्ये छापून येत होतं, पण कोकणातल्या पीएचसीच्या डॉक्टरापर्यंत ते व्याख्यानांतून आणि एकानं दुसऱ्याला सांगून जास्त पोचलं. या दोन पेपरांच्या स्कोअरवरून त्यांची किंमत ठरवायला कुणी बसलं तर मी तरी त्याला हात जोडून थांबवेन.

म्हणून तुम्ही आता काय करा ते सांगते. पेपरची एक पानी मराठी माहिती लिहा, खरंच एक पान, आशाताईला कळेल अशा भाषेत, काय सापडलं आणि त्यावर काय करता येईल. गावांची, शाळांची नावं घालू नका, मुली ओळखू येतील असं काहीही नको, छोट्या तालुक्यात दोन तपशील दिले तरी ओळख पटते. ते पान झेनोडोवर टाका, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं चालवलेली फुकट साठवणूक आहे, तिथे तुमच्या मराठी पानालाही स्वतःचा डीओआय मिळतो आणि व्ह्यूज-डाउनलोड वेगळे दिसतात. पानाच्या तळाला मूळ पेपरचा डीओआय आणि क्यूआर कोड. मग व्हॉट्सॲपवर फाइल पाठवण्याऐवजी ही लिंक पाठवा. ग्रुपमध्ये कोण काय बोललं ते कळणार नाही पण किती जणांनी उघडलं त्याचा अंदाज येईल आणि तोही मराठी वाचणाऱ्यांचा, जो आत्ता तुमच्याकडे मुळीच नाही.

कुठेही शेअर करताना डीओआयचीच लिंक द्या, पीडीएफची किंवा ड्राइव्हची नको, नाहीतर उल्लेख होऊनही जोडला जात नाही. वार्ताहराला प्रेसनोट देताना डीओआय त्यात लिहा आणि वेब आवृत्तीत लिंक घाला अशी विनंती करा, चांगले वार्ताहर ऐकतात. स्वतःचं नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहून गुगल अलर्ट लावा. ओव्हरटन म्हणून धोरणाच्या कागदांत संशोधन शोधायची सेवा आहे, युआन एडींनीच नंतर काढलेली, तुमच्या विद्यापीठाकडे असेल तर वर्षातून एकदा तिथे शोधा.

आणि एक साधी वही किंवा शीट ठेवा. मराठी पेपरातलं कात्रण, तारीख, आवृत्ती. कुठल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यानं स्लाइड मागितल्या, कुठल्या ट्रेनिंगमध्ये तुमचा तक्ता वापरला, कुणी ईमेल करून प्रश्नावली मागितली. ईमेल जपून ठेवा. मला विचाराल तर प्रश्नावली मागणारा एक ईमेल पन्नास ट्वीटपेक्षा मोठा, कारण त्या माणसानं मेथडचा भाग वाचलाय. हे काम लेखकाशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही, ना मी लायब्ररीतून, ना कुठली कंपनी.

एक करू नका, विद्यार्थ्यांना सांगून सगळ्यांच्या अकाउंटवरून एकदम पोस्ट टाकायला लावू नका. एका अकाउंटनं कितीदाही टाकलं तरी एकदाच धरतात, आणि पन्नास अकाउंटवरून एकाच मिनिटाला तोच मजकूर आला की यादी उघडणाऱ्याला लगेच दिसतं, तिथे नावं लपलेली नसतात. प्रमोशनसाठी या स्कोअरचा उपयोग नाही हेही सांगून ठेवते, एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) बघते ते पेपरचं जर्नल कुठल्या इंडेक्समध्ये (मान्य जर्नलांच्या यादीत) आहे ते. फेलोशिपच्या किंवा फंडिंगच्या अर्जात मात्र या माहितीला जागा आहे, तिथे स्कोअर न लिहिता कुणी काय वापरलं ते दोन ओळींत लिहा.

एचओडींना द्यायची ओळ अशी लिहा: "प्रकाशनापासून चार महिन्यांत जर्नलच्या पानावर २,३०० व्ह्यूज (त्यापैकी पूर्ण पेपर किती वेळा उघडला गेला हे जर्नलकडे विचारलं आहे), मेंडेलीवर ९ जणांनी जतन केला, एक इंग्रजी बातमी, एक ब्लॉग, सायटेशन मोजायला अजून लवकर आहे." मराठी कात्रणं असतील तर ती आवृत्तीच्या नावासकट खाली जोडा, वाचक किती असा शब्दच कुठे वापरू नका. हीच ओळ एक वर्षानं आणि तीन वर्षांनी परत भरा. प्रत्येक आकड्यापुढे बघितल्याची तारीख घाला आणि त्या दिवशीचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण कुणी पोस्ट डिलीट केली किंवा कंपनीनं वजनं बदलली तर १४ चे उद्या ११ पण होतात, आणि मग तुम्ही चुकीचा आकडा दिला असं कुणाला वाटायला नको.